दुपट्ट्याखालचा सौदा

त्यानं मला फसवलं. बैलबाजारात उभं आयुष्य काढलेल्या दलालाला एका कारकुनानं फसवलं, आणि तेही मीच शिकवलेल्या विद्येनं.

"हे मले शिकवा ना, भाऊ." समोर न्हावी असो की नळवाला, हा त्याच्यापुढं उकिडवा बसायचा आणि हेच म्हणायचा. पांढरकवड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. केस पांढरे झाले तरी गल्ली त्याला 'विद्यार्थी' म्हणायची.

तुम्हाला वाटेल, हौशी माणूस. हौशी कसला, भित्रा होता. बायको लवकर गेली, एकच मुलगी. ती जिथं जाईल तिथलं आपल्याला आधी यायला हवं, ही त्याची धास्ती. शेजारणींकडून तो वेणी घालायला शिकला. मुलीनं पोहायचं म्हटलं, तर हा पोट सुटलेला माणूस कमरेला डबा बांधून आधी विहिरीत उतरला. ती नर्सिंगला हैदराबादला निघाली, तसा हा हायवेच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांजवळ तेलुगू शिकायला बसू लागला.

"कायले शिकून राह्यला गा? नर्स तू होणार का?" मी विचारलं.

"छोरीले ताप आला अन् वसतिगृहाच्या बाईनं तेलुगूत सांगितलं, तर?"

ट्रकवाल्यांच्या तेलुगूत निम्म्या शिव्या होत्या. बाईंनी पहिलाच फोन आपटला.

मग तो बाजारात आला. बंजारा तांड्यातला माणूस, पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मुलखाचं मीठ वाहिलं, आणि याला बैलाचे दात पाहता येत नव्हते. पण त्याचा डोळा माझ्या दुपट्ट्यावर. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. बोटं धराल तितका आकडा. पटलं नाही तर झटकायचं. पटलं की अख्खा पंजा दाबायचा. मग सौदा कोणी मोडत नाही.

"फुकट नाही शिकवत," मी म्हटलं.

"मोबाइलवर मराठी लिहाले शिकवतो."

"अन् चहा?"

"चहा तुमच्याकडचा."

त्यानं शिकवलं म्हणून तर हे मी लिहू शकतो. बोटं तो पटकन शिकला. पण मी सांगितलं होतं, चेहरा दगड पाहिजे, गरज दिसली की भाव गेला. ते त्याला जमेना. त्याच्या तोंडावर सगळं उमटायचं. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात तो भाकर चहात बुडवून खाऊ लागला. भर उन्हात गळ्याला मफलर. रवंथ न करणारं जनावर मी लांबून ओळखतो. रोज त्याच्या ताटाकडं पाहायचो.

"काय झालं गा?"

"घसा बसला. तेलुगू लय बोललो."

एक दिवस खेकसून, ओढतच त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याला भरती करून घेतलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर त्याच्याशी एकट्याशी बोलले. डॉक्टर गेल्यावर मी आत गेलो, तर हा शांत.

"आजार वाईट हाय, भाऊ. पण दिवाळीपर्यंत काई होत नाही म्हणते डॉक्टर."

मुलगी हैदराबादहून निघाली होती. तिची शेवटची परीक्षा तोंडावर.

"तिले सांगू नोका. चार पेपर हायेत. बसली नाही तर वर्ष जाईन."

"मी सांगणार. आजच."

तेवढ्यात ती आलीच. बापाच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. त्यानं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, आमच्या हातांवर टाकला आणि आत माझी चार बोटं धरली. चार पेपर. मी झटकली आणि त्याचं एक बोट धरलं. एक पेपर होऊ देतो, मग सांगतो. त्यानं पुन्हा चार. मी दोन. त्याचे चारच. घाम मला फुटला होता. त्याचा चेहरा दगड.

"काका, डॉक्टर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

त्याच क्षणी त्यानं माझा पंजा दाबला. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे.

"साधी गाठ हाय," मी म्हणालो. "जाईन."

ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या पेपरच्या सकाळी तो गेला. डॉक्टर मला म्हणाले, "मी त्यांना तपासण्या झाल्या त्याच दिवशी सांगितलं होतं, दिवस फार नाहीत, मुलीला जवळ ठेवा." दिवाळी त्यानं मनानंच जोडली होती. खोड लपवून बैल विकावा, तसा त्यानं मला तो सौदा विकला.

राहिलेले पेपर तिनं पुढं दिले. आता यवतमाळलाच नोकरी करते, सुट्टीला घरी येते. गल्लीत स्कूटी वाजली की मी खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवतो. मागच्या वेळी ओट्यावर बसून तिनं विचारलं, "काका, त्या दिवशी दुपट्ट्याखाली काय चाललं होतं?" मी तिच्यावर ओरडलो. ती उठली नाही. माझ्या हातांकडं पाहत राहिली.

खोड लपवून विकणाऱ्याला आमच्याकडं पुढच्या बाजारी गचांडी धरून आणतात आणि चारचौघांत बोलायला लावतात. हा हक्क मलाही आहे. रविवारी ती येणार. पुन्हा विचारणार. पंजा मी दाबला नव्हता, तू दाबला. तर ये गा विद्यार्थ्या, बस या ओट्यावर, आणि तुझ्या छोरीला तूच उत्तर दे.