वाळूतला घेवडा

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही साताऱ्याकडून तारापूरला आलो. वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, यांना तिथे काम मिळालं होतं. भाड्याचं घर समुद्राजवळ, मागचं परसू म्हणजे नुसती वाळू, विहिरीचं पाणी मचूळ. मी काळ्या जमिनीत वाढलेली. पहिल्याच दिवशी म्हटलं, "हे वाळवंट आहे. इथे माणसं राहतात तरी कशी?"

माझ्याजवळ घेवड्याचं मूठभर बी होतं, निघताना आईने दिलेलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर आई गेली आणि माहेरी तो वेल राखणारं कुणी उरलं नाही. हे बी वाया गेलं असतं तर आईच्या परसातलं माझ्याकडे काहीच राहिलं नसतं. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बागेचा नकाशा काढला. इथे वाफा, इथे मांडव, इथे आळं.

"यात कोंबड्या कुठे दाखवल्यास?" हे म्हणाले. अंड्यांसाठी त्यांनीच पाळलेल्या. मला राग आला. पण अर्धं बी पेरलं आणि दुपारपर्यंत कोंबड्यांनी ते उकरून फस्त केलं.

शेजारी मासे सुकवून विकणारी बाई राहायची. माझं उतरलेलं तोंड पाहून तिने टोपलीभर मासळीची डोकी, आतडी आणि सुकटीचा चुरा आणून ठेवला. "बाय, वाळूला खायला घाल, मंग ती देल. हेच आमचं खत हाय."

मी माळकरी घरातली. मासळीला कधी हात लावला नव्हता. नाकाला पदर लावून काठीनेच ते वाफ्यात पसरलं, वर बोटभर वाळू लोटली आणि उरलेल्यातलं बरंचसं बी पेरून टाकलं. सकाळी बघते तर वाफा पार खणलेला. कोल्ह्यांची पावलं सगळीकडे, आणि मधोमध आमचा कुत्रा मासळीचं डोकं चघळत बसलेला. मी त्याला उलथनं फेकून मारलं. त्याने ते तोंडात धरून परत आणून दिलं.

डब्यात दहा-बारा दाणे राहिले होते. मी ओसरीवर बसून आईवरच चिडले, आणखी मूठभर का नाही दिलंस म्हणून.

शेजारीण येऊन पाहून खूप हसली. "वरवर टाकलंस? कोल्ह्याला जेवनच वाढलंस की! हातभर खोल पुरायचं असतं."

"तुम्हीच पुरून द्या ना."

"नाय. बी तुजं हाय, तूच पुर."

ती समोर बसून राहिली. मी कोपरापर्यंत हात घातले. ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पुरलं. वर वाळू, वाळूत ते उरलेले दाणे, त्यावर राख. चारी बाजूंनी आणि माथ्यावर तिने दिलेलं फाटकं जाळं बांधलं. कोंबड्या बाहेर, कोल्हे बाहेर, कुत्रा दाव्याला. प्यायचं गोडं पाणी लांबून आणावं लागे, त्यातला एक तांब्या रोज वेलांना.

तीन वेल वर चढले. पहिल्या शेंगा धरल्या त्या दुपारी मला आनंद मावेना. मी पोस्टकार्ड काढलं आणि लिहिलं, "ती. आईस सा. न. वि. वि. घेवडा लागला." तेवढं लिहून झाल्यावर मला आठवलं. आई गेल्यापासून मी रडले नव्हते, त्या दुपारी मोठ्याने रडले.

मग डोळे पुसून कार्ड पूर्ण लिहिलं. कोंबड्यांचं, कोल्ह्यांचं, माशांत घातलेल्या हातांचं, सगळं. पत्त्याची बाजू तेवढी कोरी ठेवली.