म्हसोबाचा माळ, बारवेचा माळ

हळदीचा डबा उघडला की अजून मला वडिलांचा हात दिसतो.

लहानपणी गावाशेजारच्या एका माळावरून वाद होता. आम्ही त्याला म्हसोबाचा माळ म्हणायचो, पलीकडचं गाव बारवेचा माळ. वाद मिटवायला जुन्नरहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "आधीचं नाव कुठलं? ज्यांचं नाव जुनं, माळ त्यांचा."

वडिलांनी देवळात बेलभंडारा उचलला. भंडाऱ्याच्या हळदीनं पिवळ्याधमक झालेल्या हातानं शपथेवर म्हणाले, "म्हसोबा आमच्या वाडवडलांनी बसवला, साहेब. तवा तिथं बारव नव्हती."

बारव आधीची, पलीकडच्यांनी खोदलेली, हे मला वडिलांनीच सांगितलं होतं. साहेबांनी सहज माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

माळ आमचा झाला. वडील त्या बारवेचं पाणी पुन्हा कधी प्यायले नाहीत.

आज फोडणी टाकताना लेकीनं विचारलं, "आई, माळावरची बारव कुणी खोदली गं?"

मी आधी चिमटीतली हळद डब्यात परत टाकली, मग म्हणाले, "आपल्या वाडवडलांनी."