टिपरू सुटेना

माझा उजवा हात माझं ऐकतो, हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी ते संपलं. नेदरलंड्समधल्या आमच्या झूटरमेर गावाच्या कडेला सुट्टीमुळे ओस पडलेली गोदामं आहेत, त्यांच्या पार्किंगमध्ये आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव चालतो. कमरेला ढोल बांधलेला होता, ताशांनी लय चढवली होती, आणि एकाएकी मनगटापासून कोपरापर्यंत, कोणी आतून ओला टॉवेल पिळावा तसा पीळ पडला. बोटं टिपरूभोवती मिटली आणि मिटलेलीच राहिली. मी त्यांना उघडा म्हणत होते, ती उघडत नव्हती. दुखत होतंच, पण मी थक्क झाले ती दुखण्याने नव्हे. आपल्याच हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत उभी राहायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती.

माझ्या शेजारी पथकप्रमुखाची बायको वाजवायची. तिने स्वतःचा ढोल एका बाजूला सरकवून माझं एकेक बोट काठीवरून सोडवलं.

"अगं, श्वास तरी घे," ती म्हणाली.

तेव्हा कळलं की मी तोही धरून ठेवला होता.

प्रमुख आला. तो माझ्याहून बारा-एक वर्षांनी लहान. आठवडाभर स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात उभ्याउभ्या मीटिंगा घेतो आणि सगळ्यांना आपापले अडथळे मोकळेपणाने मांडायला सांगतो. रविवारी कमरेला शेला बांधला की त्याचा सेनापती होतो, मग अडथळे मांडलेले त्याला चालत नाहीत.

"ताई, पेटका आधी मनात येतो," तो म्हणाला.

"माझा हातात आला," मी म्हणाले.

त्याने नियमाची आठवण करून दिली. रंगीत तालमीत ज्याचा हात थांबेल, त्याने गणपतीच्या मिरवणुकीत ढोल बांधायचा नाही. झांजा घ्यायच्या किंवा ध्वज धरायचा. रंगीत तालीम तीन आठवड्यांवर होती. ही पथकाची परंपरा आहे, असं तो म्हणाला. पथक माझ्या सायकलपेक्षा वयाने लहान आहे, हे मी मनातच ठेवलं.

खरं तर असल्या गोष्टींपासून मी लांब राहते. हार, शाली, माइकवर फुंकर मारून सुरू होणारी भाषणं दिसली की मी चहाच्या दिशेने निघते. पण ढोल मला वाजवायचा होता. पुण्यात आमच्या गल्लीतल्या मुलींनी मिरवणूक गॅलरीतून बघायची, असं ठरलेलं होतं. पुढे मुलीही पथकांत शिरल्या, अगदी पुढच्या रांगेत आल्या, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन परदेशी गेलेली होते. म्हणजे दोन्ही वेळा हुकलं. आता पंचेचाळिशीत, समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या या गावात, तो ढोल माझ्या कमरेला आला होता. तो सोडून ध्वज धरायचा म्हणजे पुन्हा गॅलरीत जाऊन उभं राहायचं, फक्त चालत.

संध्याकाळी पथकाच्या ग्रुपवर उपायांचा पाऊस पडला. केळं खा. लोणच्याचं पाणी प्या. मॅग्नेशियमच्या गोळ्या. हळद घातलेलं दूध, अर्थातच. एकाने भिंगातून बघून काढल्यासारखं स्नायूंचं रंगीत चित्र पाठवलं, ते पायाचं होतं. मी केळं खाल्लं, गोळ्याही घेतल्या. पुढच्या रविवारी हात पुन्हा वळला, आणि बरोबरीने पोटरीतही गोळा आला, म्हणजे केळ्याने निदान व्याप वाढवला.

घरी मला बरणीचं झाकण उघडेना. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने ते उघडून दिलं आणि डचमध्ये म्हणाली, "आई, यासाठी माणसं असतात. फिजिओकडे जा." माझं मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र तिच्या सोयीच्या भाषेत येतं.

फिजिओ म्हणजे माझ्याहून हातभर उंच, पन्नाशीची डच बाई. मी टिपरू बरोबर नेलं होतं. तिने ते हातात घेऊन तोललं, मला परत दिलं आणि तपासायच्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणाली, "वाजव." मी तिच्या निळ्या रेक्झिनवर ढोल वाजवला. बाहेर वाट बघणारं कोणीतरी खोकायचं थांबलं.

"तू काठी धरत नाहीस," ती म्हणाली, "तू तिला पळून जाऊ देत नाहीस."

पेटका नेमका कशाने येतो हे कोणालाच खात्रीने माहीत नाही, हेही तिने सरळ सांगितलं. आपल्याला माहीत नाही असं न संकोचता सांगणारा तज्ज्ञ भेटला की मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. दमलेला स्नायू, आवळलेली मूठ, विश्रांती नाही, एकदम जोरात सुरुवात: यातलं जे आपल्या हातात आहे ते आधी सुधारू, असं तिचं म्हणणं. तिने मला ठोका पडताक्षणी बोटं सैल सोडायला शिकवलं, इतकी की काठी आपली आपण उसळून परत येईल. वाजवण्याआधी मनगटं आणि पोटऱ्या हळूहळू गरम करायच्या. पेटका आलाच तर हात झटकायचा नाही, दुसऱ्या हाताने बोटं मागे ओढून तशीच धरायची आणि श्वास सोडायचा.

मग तिने सहज विचारलं, "मध्ये पाणी कधी पिता?"

"मध्ये नाही. संपल्यावर."

"आणि सुरू करायच्या आधी?"

"सकाळचा चहा. त्यानंतर काही नाही."

तिचं लिहिणं थांबलं. "उपास असतो का?"

"नाही."

"मग?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर सापडेना. उत्तर इतकं जुनं होतं की ते उत्तर आहे हेच मला माहीत नव्हतं. बाहेर जायचं असलं की बाईने पाणी प्यायचं नाही. शाळेच्या संडासात जावं लागू नये म्हणून प्यायचं नाही, एसटीचा प्रवास म्हणून नाही, लग्नाच्या हॉलवर नाही. हे मला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. घरातल्या सगळ्या बाया तसंच करायच्या आणि मी ते भात कसा कालवायचा तसं शिकले. आमच्या पार्किंगमध्ये संडास नव्हता, गोदामं रविवारी बंद, जवळात जवळ पेट्रोल पंप, तोही दहा मिनिटं चालत. कमरेचा ढोल सोडायला आणि परत बांधायला दुसरं माणूस लागतं. म्हणून माझं शरीर मला न विचारता सकाळपासून पाणी बंद करत होतं, आणि मग दुपारी मी त्याच्याकडे दोन तास ढोल मागत होते.

फिजिओला मी यातलं निम्मं सांगितलं. "या देशातही बायकांसाठी रस्त्यावर सोय नाही," ती म्हणाली. "पण तहानेने मरायचं असं आम्ही ठरवलेलं नाही."

रंगीत तालमीच्या दिवशी मी सकाळपासून घोटघोट पाणी प्यायले. मोठं बंड केल्यासारखं वाटत होतं. पार्किंगमध्ये बायका दोऱ्या कसत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "तुम्ही आज पाणी प्यायलात का?"

"वेडी आहेस का?" एक म्हणाली. "ब्रेडाहून येते मी. ट्रेनमधला संडास बंद असला तर? काल रात्रीच बंद केलं."

"मी तर सकाळी गोळी घेतानाही अर्धाच घोट घेते," दुसरी म्हणाली.

तिसरी खाली वाकून दोरी कसत राहिली. ती विद्यापीठात संशोधन करते, विषय मूत्रपिंडं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या तशी ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मला सगळं माहीत आहे. तरी नाही प्यायले."

आम्ही सगळ्या शिकलेल्या, पगारदार, आपापल्या ऑफिसात चार जणांना ओरडणाऱ्या, आणि सगळ्यांनी एकमेकींना न सांगता तेच केलेलं. मग कळत गेलं की कोणाच्या पायात गोळे येतात, कोणाचं डोकं संध्याकाळभर ठणकतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं वय झालं.

मी प्रमुखाकडे गेले आणि म्हणाले, सुरू करण्याआधी आम्हाला अर्धा तास हवा, आणि मिरवणुकीतही मध्ये एक थांबा हवा, पाण्याची आणि संडासाची सोय असलेल्या जागी.

"ताई, मिरवणूक मध्ये थांबत नसते. परंपरा आहे."

"पुण्यात मिरवणूक थांबण्याशिवाय दुसरं काय करते?"

"ते वेगळं. इथे नगरपालिकेने वेळ बांधून दिलीय. आणि पेटके फक्त तुम्हालाच येतात. बाकी कोणाची तक्रार नाही."

"माझी आहे," मागून त्याची बायको म्हणाली. "गेल्या वर्षी मिरवणुकीनंतर गाडीत मी पाय वर करून रडत होते, आठवतंय? तू म्हणालास, भावना दाटून आल्या असतील."

"मग तू सांगायचं ना."

"काय सांगू? ढोल वाजवताना मला शू लागेल म्हणून मी तहानलेली राहते, असं? तुझ्या त्या 'जय' म्हणायच्या आधी सांगू की नंतर?"

त्याचा चेहरा बघून मला त्याची दया आली. तो खोटा नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पुरुषांनी गोदामामागची झुडपं केव्हाच शोधून ठेवली होती, आणि त्यामुळे सोय आहे असंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने शेल्याची गाठ उगाच सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "जाऊन या. आम्ही ढोल बघतो."

आम्ही सगळ्या रांगेने पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या माणसाने आम्हाला येताना पाहिलं आणि किल्ली काउंटरवर ठेवली. परत येताना प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली होती, आणि भलत्याच मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं.

त्या तालमीत माझा हात थांबला नाही. दोनदा मनगटाखाली तो पीळ सरकताना जाणवला. दोन्ही वेळा मी बोटं सैल सोडली, चार ठोके हलके घेतले आणि तो आला तसा निघून गेला. संपल्यावर प्रमुख माझ्याकडे बघून फक्त मान हलवून पुढे गेला.

इथे विसर्जन पंचांगाप्रमाणे होत नाही, शनिवारप्रमाणे होतं. मिरवणुकीचा थांबा वाचनालयासमोरच्या चौकात ठरला, कारण वाचनालयात संडास आहेत आणि चौकात पाहुण्यांची भाषणं होती. दरवर्षी ती भाषणं म्हणजे मला शिक्षा वाटायची. त्या दिवशी एक पाहुणे संस्कृतीबद्दल बोलायला लागले आणि नऊवारी नेसलेल्या आम्ही ढोल जमिनीवर ठेवून वाचनालयात शिरलो. पाहुणे लांबवत गेले. रांगही लांब होती. माझ्या मागे उभी असलेली प्रमुखाची बायको म्हणाली, "बोलू दे गं त्यांना, अजून पाच जणी आहेत." भाषणाचा इतका नेमका उपयोग मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग दुसरा टप्पा. ऊन उतरलं होतं, फुटपाथवर सायकली धरून उभी असलेली माणसं कानांवर हात ठेवून हसत होती. शेवटच्या चढत्या लयीत दंडात गोळा उठायच्या बेतात होता. मी श्वास सोडला, बोटं सोडली. काठी उसळून आपली आपण हातात परत आली.

ताशे थांबले. माझ्या हाताला ते थोडं उशिरा कळलं. बोटं आपणहून उघडली, टिपरू निसटून डांबरावर पडलं आणि घरंगळत प्रमुखाच्या पायाशी गेलं. त्याने ते उचलून माझ्यापुढे धरलं. मी लगेच घेतलं नाही. आधी पाण्याची बाटली मागितली.