चिंचोक्यांचा पाऊस

कोणत्याही खांबाजवळून त्या सरळ पुढे गेल्या, असं मी कधी पाहिलं नाही. बोटाचं पेर वाकवून खांबावर दोनदा टकटक करायच्या, मग डोक्यावरचा पदर जरा मागे सारून तिथं कान लावायच्या. आमच्या ओसरीचा खांब, धक्क्यावरच्या वखारीचा खांब, अगदी देवळातलासुद्धा. देवळात एकदा पुजारी वैतागून म्हणाले, "अहो, देव आत आहे." त्यावर यांचं उत्तर, "त्येला मागनं इचारते. आधी ह्याला इचारू द्या."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती वेडी नसतात आणि फार शहाणीही नसतात. प्रत्येक गोष्टीला काहीतरी म्हणायचं आहे आणि ते ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

त्या आमच्या शेजारी राहत. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. घरात दोन म्हशी आणि त्या. आमच्याकडे दूध त्यांचंच येई. मी त्यांना काकी म्हणत असे.

मुंबईला मामांकडे राहून, इंग्रजी शाळेत शिकून मी रत्नागिरीला परत आले, तेव्हा आळीतल्या बायका मला 'मड्डम' म्हणू लागल्या. मराठी बोलता बोलता मला मध्येच शब्द सापडत नसे, आणि तो सापडेपर्यंत समोरचं माणूस हसून मोकळं होई. त्यापेक्षा न बोलणं सोपं होतं. काकींना त्याचं काही वाटत नसे. दूध मापताना म्हणायच्या, "नको बोलू. बोलनारी लय हायत आळीत."

त्या हिवाळ्यात त्यांचा घराच्या भिंतीला लागून असलेला गोठा जळला. परसात आंघोळीच्या पाण्याची चूल होती. तिच्यातला विस्तव राखेखाली राहिला, पहाटेच्या वाऱ्यानं ठिणगी उडाली आणि गवताचं छप्पर पेटलं. काकींनी दोन्ही म्हशी सोडवल्या, पण एक इतकी भाजली होती की फार दिवस जगली नाही. उरली ती गाभण. तिला फणसाखाली बांधली होती. फणसाखाली उन्हाळा निघाला असता, पावसाळा निघणार नव्हता.

काकींचे धाकटे दीर मुंबईला लोखंडाच्या एका वखारीत कामाला होते. त्यांनी बोटीनं एक नालीदार पत्रा नमुना म्हणून पाठवला, सोबत एक इंग्रजी चोपडं आणि निरोप, की गोठा आता सगळा लोखंडी करायचा. खांब लोखंडी, भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं. खर्च ते करणार होते. ते नको असेल तर म्हैस विकून टाकायची, पुन्हा आगीचा घोर नको. पावसाळ्यात बोटी बंद होतात, म्हणून बोटी चालू आहेत तोवर काय ते ठरवायचं होतं.

चोपडं वाचायला काकी माझ्याकडे आल्या. त्यात विलायतेतल्या लोखंडी इमारतींची चित्रं होती: गोठे, कोठारं, एक छोटं चर्चसुद्धा. मी अडखळत सांगत गेले. "ही इमारत सुटी करून बोटीत घालता येते. हवी तिथं नेऊन पुन्हा उभी करता येते."

"नेऊन कुठं ठेवायची?"

"ते दिलेलं नाही."

"आनि ह्यो घोडा?" त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो आत हाय आनि त्वांड भायेर काढून बसलाय. त्येला आत काय सलतंय?"

चित्रातला घोडा खरंच मान बाहेर काढून उभा होता. मी ते पान किती वेळा उलटलं होतं, पण घोड्याच्या मनाचा विचार केला नव्हता.

नंतरचे काही दिवस काकी भेटेल त्याला तेच विचारत होत्या. लाकूड की पत्रा? कोळणी म्हणाल्या, खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याची चाळण होते. सुतार म्हणाला, लाकडाला वाळवी लागते. माझे वडील म्हणाले, "पत्रा घ्या. एकदा केलं की बघायला नको." काकींनी मान डोलावली आणि त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं गो?"

"दोन्ही चांगलं आहे," मी म्हटलं.

"हे काय उत्तर नाय. हे गप ऱ्हानं हाय."

दीर आले ते धक्क्यावरूनच घाई घेऊन आले. डोक्याला टोपी, पायात चामड्याचे बूट. अंगणात पाय ठेवताच त्यांनी विचारलं, "मग, वयनी? काय ठरलं?"

"म्हशीला इचारलं नाय अजून."

"वयनी, म्हैस बोलते काय?"

"म्हनून तर बघायचं हाय."

काकींनी तो नमुन्याचा पत्रा घेतला. एक कड फणसाच्या खालच्या फांदीवर टेकवली, दुसरी कुंपणाच्या दगडी गडग्यावर. म्हैस त्याच्या खाली आणून बांधली. तिच्या तोंडाशी स्वतः बसल्या आणि दिरांना म्हणाल्या, "भावोजी, या. तुमीपन बसा." बूट सांभाळत ते बिचारे शेणात बसले. मला गडग्यावर चढायचा हुकूम झाला. हातात सूप, सुपात वर्षभराचे चिंचोके.

"ओत गो मड्डम! आधी बारीक पाऊस, मंग आषाढातला!"

सगळी आळी बघत असणार, या विचारानं माझे कान तापले होते. तरी मी सूप तिरकं केलं. चिंचोके पत्र्यावर तडतडले. म्हशीनं एक कान हलवला. मग मी सगळं सूप हलवून हलवून ओतू लागले. असा आवाज मी आयुष्यात केला नव्हता, आणि खरं सांगते, मला मजा वाटू लागली.

म्हैस शांतपणे रवंथ करत होती. दीर जोरात हसून म्हणाले, "बघा! जनावराला काय नाय त्याचं!" काकींचे ओठ हलले. दीर म्हणाले, "काय?" ओठ पुन्हा हलले. "काय म्हणताय?" त्यांनी कान पुढे केला. "वयनी, मोठ्यानं!"

तेवढ्यात माझं सूप रिकामं झालं आणि त्या शांततेत काकींचा आवाज सगळ्या आळीभर गेला, "...ऐकू येतंय काय, म्हनते मी!"

आम्ही तिघंही हसलो. काकी आधी थांबल्या.

"भावोजी," त्या हळू म्हणाल्या, "पावसात मी भिंतीच्या अलीकडं निजते, ही पलीकडं. हिचा रवंथ ऐकत ऐकत मना झोप लागते. रवंथ थांबला की जाग येते. त्या पहाटे आग लागली, ती मना धुरानं नाय कळली. दोघींचा रवंथ थांबला म्हनून कळली."

दीर पत्र्याखालून बाहेर आले. बुटाचं शेण गडग्याला पुसत राहिले. "आणि परत ठिणगी उडाली तर?"

काकी उठल्या. पत्र्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मला धरायला लावलं, आणि आम्ही तो परसात नेऊन चूल आणि जळक्या जोत्याच्या मध्ये उभा केला.

"एवढा बोटीनं आणलेला पत्रा चुलीला?"

"भ्या चुलीचंच हाय, भावोजी."

"गवत दरवर्षी शाकारायला लागेल. माणसं कुठून आणणार? मी तिकडं मुंबईला."

"मंग या की दरवर्षी."

दुसऱ्या दिवशी दीर हातखंबा गावाच्या बाजूला गेले आणि ऐनाच्या लाकडाचे खांब गाडीत घालून घेऊन आले. काकींनी एकेका खांबावर टकटक करून कान लावला आणि दोन परत पाठवले. गाडीवान काय काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. बोटी बंद व्हायच्या आत गोठा उभा राहिला, आणि गवत बांधायला कोयता घेऊन दीर स्वतः वर चढले. पाऊस लागला तेव्हा अंगणभर चिंचेची रोपं उगवली. काकी ती उपटत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, म्हैस व्यायली तेव्हा काकींनी भिंतीपलीकडून ऐकलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. श्रावणात एका दुपारी त्या ऐकत ऐकत आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. उठून बघतात तर रेडकू उभं राहून आईला ढुशा देत होतं. म्हशीनं हूं की चूं केलं नव्हतं.

"तुजं ऐकायला येवढा खटाटोप केला," काकी तिला म्हणत होत्या, "आनि तू गप!" मग मला पाहून म्हणाल्या, "ही तुज्यासारखीच गो."

पुढच्या वर्षीची गोष्ट. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी दुधाचं भांडं घेऊन गेले, नेहमीसारखीच काही बोलले नाही. काकींनी दूध ओतता ओतता हात थांबवला. "आज तुजा रवंथ थांबलाय. काय झालं?"

तिथंच, गोठ्याच्या दारात, मी त्यांना सांगितलं. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. मध्ये एकदाही शब्दासाठी अडले नाही.

"बाबांना इचारलंस?"

"नाही."

"मंग कसं कळंल ते काय म्हनतात?"

मी विचारलं. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. म्हणून मी हे पुण्यात बसून लिहिते आहे.

काकी गेल्या थंडीत गेल्या. मला पत्र आलं तेव्हा परीक्षा चालू होती. मे महिन्यात घरी गेले आणि सामान ठेवून आधी त्यांच्या परसात गेले. म्हैस आणि तिची रेडी खालच्या आळीत कुणाकडे दिल्या होत्या. चुलीपाशी पत्रा होता, गंजून कडेला कुरतडल्यासारखा झालेला. पण गोठ्यावर नवं पिवळं गवत होतं, आणि गवतावर दीर बसले होते, अनवाणी, तोंडात सुंभाचा तुकडा धरून.

रिकामा गोठा कशाला शाकारता, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते विचारलं नाही. खांबाजवळ गेले, दोनदा टकटक केलं आणि कान लावला. वरून गवत ओढल्याची सळसळ खांबातून येत होती.

ती थांबली. दीर छपराच्या कडेवरून खाली वाकून बघत होते. तोंडातला सुंभ काढून त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"थांबा," मी म्हटलं. "अजून विचारतेय."