एकाच ठेक्याचं गाणं
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला मामा आठवतात. त्यांनी तीस वर्षं सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणले. कारखान्याचे माग भंगारात गेले, तेव्हापासून ते आमच्या फ्लॅटवर नुसते बसून असायचे. मला तेव्हा सत्तरच्या दशकातल्या जर्मन प्रयोगशील रॉकचं वेड होतं. नवख्याने सुरुवात एकाच ठेक्यावर दहा मिनिटं चालणाऱ्या एका गाण्यापासून करावी, असं मी सगळ्यांना सांगायचो. मामांना कमी ऐकू यायचं, म्हणून हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवून मी तेच लावलं. त्यांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैलावला. मध्येच गिटार खरखरली. मामांचा उजवा हात झटकन पुढे गेला आणि हवेत काहीतरी चाचपडू लागला. “धागा तुटलाय की,” ते म्हणाले. “माग थांबवायचं हँडल कुटं हाय?” मग त्यांनी डोळे उघडले, रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यानंतर त्यांनी कधीच कुठलं गाणं ऐकलं नाही. सुरुवात कुठून करू, असं आजही कुणी विचारलं की मी दुसरंच काहीतरी सुचवतो. ते गाणं मी स्वतःही गिटार खरखरायच्या आधीच बंद करतो.