शिवेवर सोडलेली कवडी

पोलादपूरच्या आठवडी बाजारात ठकूबाईच्या अंड्यांकडे संशयानं बघायची कुणाची छाती नव्हती. ती स्वतःच प्रत्येक अंडं मुठीच्या नळीत धरून उन्हाकडे करी, एक डोळा मिटून आत बघे आणि मगच टोपलीतल्या तुसात ठेवी. एवढं करूनही एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं अंडं कानाशी नेऊन हलवलं, की तिच्या नाकाला मिरच्या झोंबत. मग ती टोपलीवर फडकं ओढायची आणि त्या माणसाला दुसरीकडे जायला सांगायची. बाई फटकळ होती, पण खोटं अंडं तिनं कधी विकलं नाही.

माहेर वरंधकडचं, सासर पोलादपूरच्या वर डोंगरात, खडकवाडीत. नवरा सोनबा गुरांमागे रानात जाई आणि घरात जेवढ्यास तेवढं बोले. कोंबड्या मात्र ठकूबाईच्या. त्यांच्यावर तिनं घराला कौलं घातली, त्यांच्यावरच लेकीचं, चंद्राचं लग्न केलं. चंद्राला दिली होती ओढ्यापलीकडच्या पिंपळकोंडात. पाठवणीच्या वेळी इतर बायका डोळ्यांना पदर लावत होत्या, तेव्हा ठकूबाई मांडवाच्या कडेला बसून लेकीबरोबर द्यायच्या तलंगांचे, नुकत्या अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांचे, पाय बांधत होती.

त्या तलंगाच पुढे चंद्राच्या कामी आल्या. जावई हैबती मुंबईला गिरणीत होता. संप लागला, वर्ष उलटलं, आणि त्याच्याकडून यायचं ते बंद झालं. पदरात लहान मुलगी, शेत नावापुरतं. चंद्राच्या घरचं तेल-मीठ कोंबड्यांच्या जिवावर चाललं होतं. हे ठकूबाईला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सगळं तिला इतकं लागलं.

ते संपाचं दुसरं वर्ष. भात कापणीला आलं होतं. खडकवाडीत आधी पिल्लांना शिंका सुरू झाल्या, मग घशात घरघर. पिल्लं चोच उघडी टाकून मान ताणून बसत आणि सकाळी खुराड्यात पसरलेली सापडत. मोठ्या कोंबड्या तगल्या, पण त्यांची अंडी बिघडली. कवच सुरकुतलेलं, कुठे चुन्याचे खडे, कुठे बोट लावलं तर आत जाईल इतकं मऊ. फोडलं तर पांढरं पाण्यासारखं वाहून जाई. ठकूबाईनं असलं अंडं बाजारात न्यायचं सोडून दिलं. ज्या बाईची टोपली दुपारच्या आत रिकामी होई ती आता तुसात हात घालून नुसती घरी बसू लागली.

एक कोंबडी तेवढी वेगळी राहिली. काळ्या पिसांवर पांढरे ठिपके, म्हणून ती कवडी. ती ना शिंकली ना खोकली. त्याच अंगणात, त्याच खुराड्यात राहून तिची अंडी गुळगुळीतच येत होती.

या कवडीवर दोघांचा डोळा होता. पहिले डॉक्टर देवस्थळी. हे मुंबईच्या कॉलेजातले तरुण गृहस्थ, कोंबड्यांच्या याच खोकल्याच्या अभ्यासाला आले होते आणि पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात एका खोलीत त्यांनी बाटल्या मांडल्या होत्या. वाडीवर चढून येताना त्यांना धाप लागे, पण नेमानं येत. त्यांनी कवडीच्या घशात कापूस फिरवून नेला होता, पंखाखालचं रक्त नेलं होतं. रोगाच्या विषाणूचं नाव त्यांनी सांगितलं होतं, करोना. त्या काळी ते नाव ऐकून कुणी मागे वळूनही बघितलं नसतं, तिथे ठकूबाई काय लक्षात ठेवणार. तिनं एवढंच ध्यानात ठेवलं, की पुढच्या बाजाराला कवडी घेऊन दवाखान्यात जायचं.

दुसरा येसाजी, वाडीचा मानकरी. पिल्लं मरायची थांबेनात तेव्हा वाडीनं देवाला कौल लावला. वाडीची रीत अशी, की पीडा आली तर कुंकू लावलेली, पायात काळा दोरा बांधलेली कोंबडी वाजतगाजत शिवेवर न्यायची आणि पलीकडे तोंड करून सोडायची. पीडा तिच्या पाठीवर बसून निघून जाते. मात्र कोंबडी अशी हवी, की जिला रोगानं शिवलेलं नाही. कौल उगवतीच्या शिवेचा पडला. उगवतीला ओढा, आणि ओढ्यापलीकडे पिंपळकोंड.

अशी कोंबडी वाडीत एकच होती. येसाजी ठकूबाईच्या अंगणात येऊन बसला आणि जोर न करता बोलला. बायकांची कुजबुज मात्र तिच्या कानावर आधीच आली होती: सगळ्यांची पिल्लं जातात आणि हिचीच कोंबडी कशी टवटवीत? ठकूबाईनं मन घट्ट केलं. पलीकडे लेक राहते हा विचार तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण शिवेवरच्या कोंबडीला कुणी हात लावत नाही, ती कोल्ह्याच्या तोंडी जाते, हे लहान पोरालाही माहीत होतं. तिनं स्वतःच्या हातानं कवडी येसाजीच्या ओंजळीत दिली. आणि देताना, खोटं कशाला सांगा, आपलीच कोंबडी वाडीच्या उपयोगी पडते याचा तिला थोडा तोराही वाटला.

मिरवणूक दुपारनंतर निघणार होती. ती बघवणार नाही म्हणून ठकूबाई बाजाराची वाट उतरली. शिवाय डॉक्टरांना शब्द दिला होता, तो मोडल्याचं तोंडानं सांगायला हवं होतं.

दवाखान्याच्या पडवीत डॉक्टर खुशीत होते. मुंबईहून निरोप आला होता. कापसावर आलेली कवडीच्या घशातली लाळ तिथे उबवणीच्या अंड्यांत टोचून बघितली, आणि त्यांत रोग वाढला. ते भराभर सांगत सुटले, की आजवर सगळे लशीमागे होते, लस टोचल्यावर रक्तात काय तयार होतं तेच मोजत होते. आता कुठे थोडे लोक विचारू लागलेत, की लस नाही, आधीचा आजार नाही, तरी पहिल्या दिवशीच एखादं अंग रोगाला दारात कसं अडवतं. ती जन्माबरोबर आलेली ताकद कवडीत आहे, आणि तीच त्यांना शोधायची आहे.

ठकूबाईला सगळं कळलं नाही, पण एक गोष्ट खटकली. तिनं विचारलं, "कवडीला रोग नाय, मग तिच्या घशातून रोग वाडला कसा?"

"रोग शिरलाय ना तिच्यात," डॉक्टर म्हणाले. "तिच्या अंगानं त्याला डोकं वर काढू दिलं नाही, एवढंच. ती स्वतः आजारी पडणार नाही, पण तिच्या श्वासातून, शिटेतून दुसऱ्या कोंबड्यांना तो लागेल. कुठे आहे ती? टोपलीत आणलीत?"

ठकूबाईनं तुटक शब्दांत शिवेचं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त हातातली बाटली खाली ठेवली आणि पलीकडे कुणाच्या कोंबड्या आहेत ते विचारलं.

"माज्या लेकीच्या," ती म्हणाली.

ती उठली तेव्हा डॉक्टर मागून सांगत होते, की नुसती कोंबडीच नव्हे, रोगाच्या अंगणातली माती, पाय, टोपली, कशावरूनही तो जाऊ शकतो, तेव्हा जपून. तेवढं ऐकून तिनं टोपली तिथेच टाकली आणि चालू लागली.

पायाखालची वाट, पण त्या दिवशी ती सरता सरेना. चढणीवर ढोल ऐकू आला, तेव्हा तिला वाटलं, अजून वेळ आहे. तिनं कासोटा आवळला आणि आडवाटेनं कारवीतून घुसली. हातांवर ओरखडे उठले. मध्येच ढोल थांबला. ती धावत सुटली, कारण कोंबडी सोडली, की ढोल थांबवून मागे न बघता परतायचं, अशी रीत होती.

शिवेच्या दगडावर कुंकू होतं, तांदूळ होते. कवडी नव्हती. ठकूबाईनं झुडपं धुंडाळली. एक पीस पडलेलं नव्हतं, रक्ताचा थेंब नव्हता. म्हणजे कोल्हा नव्हे. मग ओढ्याच्या पलीकडच्या काठावर ओल्या मातीत तिला बाईमाणसाची अनवाणी पावलं दिसली, येतानाची आणि जातानाची. देवाच्या नावानं सोडलेली कोंबडी उचलायची हिंमत पंचक्रोशीत कुणी केली नसती. पण ज्या कोंबडीला आपल्या आईच्या अंगणात दाणे टाकले, तिला कोल्ह्यासाठी सोडून जाणं एका बाईला जमलं नसतं. ती कोण हे ठकूबाईला सांगायला नको होतं.

ओढ्यात तिनं पाय घासघासून धुतले, लुगड्याचा काठ पिळला, आणि तरी तिचं समाधान होईना.

पिंपळकोंडात पोचली तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. चंद्राच्या कोंबड्या रानातून परतून एकेक करत अंगणात येत होत्या. चंद्रा खुराड्याच्या दाराशी वाकलेली, काखेत कवडी. ठकूबाई दगडी गडग्याशी आली आणि तिथेच थबकली.

"सोडू नको तिला, चंद्रे. हिकडं आण."

चंद्रा दचकून वळली. आई दिसली तशी तिचं तोंड फुललं. "आये! बघ गो, तुजी कवडी. शिवेवर टाकलेली कुनीतरी. मला नाय बघवलं. पन तू भायर का हुभी? घरात ये."

"नाय. आधी कोंबडी आण. तुज्या कोंबड्यांत नेऊ नको."

चंद्रा गडग्यापर्यंत आली. आजीला बघून नात धावत आली तशी ठकूबाई झटकन मागे सरली. पोर बावरून आईच्या लुगड्याला चिकटली. ठकूबाईनं हात लांब करून कवडी घेतली. मग तिनं लेकीला सांगितलं, की राखेनं हात घास, लुगडं बदल, मगच खुराड्याला हात लाव. कवडी आजारी दिसत नाही, म्हणूनच तिची भीती, हेही तिनं समजावायचा प्रयत्न केला, पण दम लागल्यामुळे तिला ते धड सांगता आलं नाही.

चंद्रा कवडीच्या पायातल्या काळ्या दोऱ्याकडे बघत होती.

"वाडीनं तुज्याकडून वडून नेली का?" तिनं विचारलं.

"नाय. मीच दिली."

"आमच्या शिवेवर सोडायला?"

ठकूबाईनं मान डोलावली. घरात ये असं चंद्रा पुन्हा म्हणाली नाही. पोरीला उचलून ती आत गेली, आणि थोड्या वेळानं राखेनं हात घासल्याचा आवाज मागच्या दारी आला. तो ऐकेपर्यंत ठकूबाई गडग्याशी उभी राहिली. मग पदराखाली कवडी धरून ती परत पोलादपूरला उतरली, कारण शिवेवर सोडलेली कोंबडी माघारी आणलेली वाडीनं खपवून घेतली नसती.

कवडीचं उरलेलं आयुष्य डॉक्टरांच्या पिंजऱ्यात गेलं. खडकवाडीतला खोकला पुढे आपोआप ओसरला आणि येसाजीनं ते देवाकडे मांडलं. ठकूबाईनं वाद घातला नाही. बाजारात पिंपळकोंडचं कुणीही दिसलं, की ती एकच विचारी: कोंबड्या खोकतात का? नाय, असं उत्तर येई. चंद्रा कशी आहे, हे विचारायचं मात्र तिला धाडस होत नसे, आणि लेकीकडूनही काही निरोप येत नसे. त्या दिवाळीला चंद्रा माहेरी आली नाही. एवढी फटकळ बाई, पण त्या महिन्यांत तिनं एकाही गिऱ्हाइकाला झापलं नाही.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी ती अंगणात दाणे टाकत होती. गडग्याबाहेर कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं म्हणून तिनं वर पाहिलं. चंद्रा होती, कडेवर मुलगी, हातात फडक्याखाली झाकलेली अंडी. ती आत येत नव्हती.

"आये," तिनं तिथूनच विचारलं, "तुज्या कोंबड्या आता खोकत नाय ना? येऊ का घरात?"

हातातले दाणे तसेच टाकून ठकूबाई गडग्यापाशी गेली आणि तिनं नातीला उचलून घेतलं.