कॉलरवरचा हात

कचेरीत तिचं काम एकच होतं. रोज सकाळी साहेबांच्या खात्याच्या बातम्या पेपरातून कापायच्या, जाड कागदावर खळीने चिकटवायच्या आणि फाइलला लावायच्या. बावीस वर्षं हेच केल्यावर तिचं नाव कात्रणताई पडलं नसतं तरच नवल. नदीकाठची वस्ती पाडल्याची बातमीही तिनेच कापली. बातमीतल्या फोटोत तिचं स्वतःचं घर होतं. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली.

वस्तीसाठी मोर्चा निघाला तेव्हा लाठ्या चालल्या आणि तिचा धाकटा भाऊ, सगळ्यांचा लंबू, त्या दुपारपासून घरी आलाच नाही. पोलीस म्हणाले, आम्ही त्याला धरलंच नव्हतं. याला सव्वा वर्ष झालं. आता ती आणि आई पुनर्वसनाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहत होत्या. खिडकी उघडली की समोर दुसरी भिंत. त्या खोलीत ताईचा जीव रमेना. बसली की उठायची, उठली की येरझाऱ्या घालायची. जुन्या घराचं एक दार तिने हट्टाने वर आणलं होतं. एके दिवशी ते भिंतीला टेकवून ती त्यावर कात्रणं चिकटवत सुटली. नोटिसा, बुलडोझर, पळणारी माणसं, फाटके मथळे, एकावर एक. मधोमध लंबू, मोर्चाच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला, गर्दीच्या वर डोकं काढलेला.

"घर गेलं, दार राहिलं," आई कुरकुरायची, "आणि या बयेने दाराचाच संसार मांडला. जेवायला ये आधी!"

कोणाकडून तरी कळलं म्हणून एक चित्रकार बाई येऊन दार बघून गेल्या. पार हरखल्या. "आता याला अजिबात हात लावू नका. सोमवारी प्रदर्शनासाठी टेम्पो पाठवते," म्हणाल्या. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लंबूला आता लोक बघणार होते.

शनिवारी सकाळी वकीलबाई धापा टाकत पाच जिने चढून आल्या. लंबूची केस त्याच लढत होत्या.

"ताई, सोमवारी सुनावणी आहे. तुमचे जुने शेजारी म्हणतात, पेपरातल्या लंबूच्या फोटोत पोलिसाचा हात त्याच्या कॉलरवर होता. खरं का?"

हात होता. तो बघवत नव्हता म्हणून तर तिने बारकी कात्री घेऊन कॉलरच्या कडेकडेने तो कापून काढला होता. इतकी सुबक कड तिने साहेबांसाठीही कधी कापली नव्हती.

"होता. मीच कापून काढला," ताई म्हणाली. "पण पेपरवाल्यांकडे असेल की!"

"विचारलं. नंतरच्या आवृत्तीतून फोटो काढला, आणि मूळ सापडत नाही म्हणतात. पहिल्या आवृत्तीचा अंकही कुठे मिळत नाही. तो हात मिळाला आणि कडा जुळल्या, तर त्याला धरलं होतं हे मला दाखवता येईल. कुठे टाकलात?"

टाकला नव्हता. कात्रणं कापणारं माणूस कपटा टाकत नाही, फटी बुजवायला ठेवतं. तो हात याच दारावर होता, कुठल्या तरी थराखाली. कुठे, ते तिला आठवेना.

तिने बादली ओढली, फडकं भिजवलं.

"अगं, सोमवारी नेणार ना हे?" आई धावली.

"नेऊ देत काय उरेल ते!"

आधी तिने लंबूला अलगद सोडवून ताटलीत ठेवलं. मग खळ भिजली तसे थर सुटू लागले. बुलडोझर गेला, मथळे गेले, बादलीतलं पाणी काळं झालं. ती नखाने एकेक कपटा उलटवून बघत होती. स्वतःलाच शिव्या घालत होती. चार महिन्यांचं काम लगद्यासारखं पायांत पडलं. दोन वाजले तरी पाण्याचा घोट नाही. वकीलबाईही पदर खोचून कपटे सुकवत बसल्या.

बिजागरीपाशी, घर रिकामं करण्याच्या नोटिशीखाली, तो उलटा चिकटलेला सापडला. चार बोटं, अंगठा आणि बाहीची पट्टी.

ताईने तो ताटलीकडे नेला तशी आईने तिचं मनगट धरलं. "नको गं. पुन्हा त्याच्या मानेवर तो हात नको."

"आई, सोड."

आईने सोडलं. ताईने तो हात लंबूच्या कॉलरला लावला आणि बोटाने दाबून धरला. कड केसभरही चुकली नाही.

"जुळला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.